आयुष्यभराच्या वचनाचे पैसे एका दिवसात देऊ नका

प्रति,
आरोग्यमंत्री, सार्वजनिक आरोग्य निधींचे विश्वस्त आणि आरोग्य विमा संस्थांचे प्रमुख,
ज्या कोणत्या देशात आपण या खुर्चीवर आहात तिथे.

विषय : जनुकीय उपचारांचे पैसे कसे, केव्हा आणि कोणादेखत द्यावेत याबाबत.

महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी जनुकीय समुपदेशक आहे. प्रयोगशाळेतून आलेला अहवाल घरच्यांना समजेल अशा शब्दांत सांगणं हे माझं काम. काही वर्षांपूर्वीपर्यंत या कामातलं सर्वांत जड वाक्य ठरलेलं होतं : यावर उपचार नाही. ते सांगताना घसा दाटायचा, पण समोरची दोघं निदान एकमेकांकडे वळून रडू शकत होती. आता पुष्कळदा मला सांगावं लागतं, की उपचार आहे, पण. त्या ‘पण’नंतर खोलीत जी शांतता पसरते ती मला अजून पेलत नाही. आईबाप मनातल्या मनात घर विकून पाहतात, मग आकडा पुन्हा विचारतात, आपल्या ऐकण्यात एखादं शून्य जास्त आलं असेल या आशेने.

त्या ‘पण’च्या पुढची गोष्ट वैद्यकाची उरत नाही, ती तुमच्या टेबलावर येते. औषध बनवणाऱ्यांना पत्रं लिहिणारे खूप आहेत. मी मुद्दाम पैसे देणाऱ्यांना लिहिते आहे, कारण घोळाचा मोठा भाग देण्याच्या पद्धतीत आहे आणि ती बदलणं तुमच्या हातात आहे. हे उपचार आयुष्यभराचं वचन देतात. तुम्ही त्या वचनाचे पैसे बहुतेकदा पहिल्याच दिवशी, पूर्ण आणि बंद दाराआड देऊन टाकता. तसं देऊ नका. वचन जसजसं पाळलं जाईल तसतसे द्या, आणि सगळ्यांदेखत द्या. एवढंच माझं मागणं आहे. बाकीचं पत्र ते का, हे सांगण्यासाठी.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा आजार घेऊ, आम्ही त्याला एसएमए म्हणतो. मणक्यातल्या हालचालीच्या चेतापेशी जगायला एक प्रथिन लागतं. ते बनवणारं एसएमएन-१ हे जनुक बाळाला आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलंच मिळालं, की त्या पेशी एकेक करून मरत जातात. साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. त्याच्या तीव्र प्रकारात बाळ आधाराशिवाय कधी बसत नाही, आणि उपचार मिळाला नाही तर बहुतेक मुलं दुसऱ्या वाढदिवसापर्यंत एक तर दगावतात किंवा कायमची श्वासयंत्रावर जातात. मे २०१९ मध्ये अमेरिकेत झोल्गेन्स्मा या उपचाराला मान्यता मिळाली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या कवचात चांगलं जनुक भरायचं आणि ते शिरेतून एकदाच सोडायचं. लक्षणं दिसू लागण्याआधी ज्या बाळांना ते मिळालं, त्यांतली पुष्कळ स्वतःच्या पायांवर चालू लागली. ही मुलं चालताना पाहिलेल्या माणसाला या विज्ञानाबद्दल तुच्छतेने बोलता येत नाही. मलाही येणार नाही.

किंमत लावली गेली २१ लाख २५ हजार डॉलर. तेव्हा ते जगातलं सर्वांत महाग औषध होतं, आज त्या यादीत ते मधल्या फळीतलं वाटतं. हिमोफिलिया-बी या रक्त न गोठण्याच्या आजारासाठीचं हेमजेनिक्स २०२२ मध्ये ३५ लाख डॉलरला आलं. ड्युशेन स्नायुक्षयासाठीचं एलेव्हिडिस २०२३ मध्ये ३२ लाखांना. मेंदूतल्या चेतातंतूंचं आवरण गळून पडणाऱ्या एका दुर्मीळ आजारावरचं लेनमेल्डी २०२४ मध्ये साडेबेचाळीस लाखांना. अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ या एकाच दिवशी सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, दोन उपचारांना मान्यता मिळाली. दोन्हीत रुग्णाच्याच मूळपेशी काढून, प्रयोगशाळेत सुधारून परत द्यायच्या. एकाची किंमत २२ लाख, दुसऱ्याची ३१ लाख. नऊ लाख डॉलरचा हा फरक कोणत्या खर्चातून आला हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं असेल तर ते आम्हालाही सांगा.

या किमती येतात कुठून? झोल्गेन्स्माच्या आधी एसएमएसाठी स्पिनराझा हे औषध होतं, मणक्यात टोचायचं आणि जन्मभर चालू ठेवायचं. त्याची किंमत पहिल्या वर्षी साडेसात लाख डॉलर, पुढे दरवर्षी पावणेचार लाख. दहा वर्षांचा हिशेब केला तर ४१ लाख २५ हजार. नव्या उपचाराची किंमत याच्या साधारण निम्मी ठेवली गेली आणि जगाला सांगण्यात आलं, की यात तुमची बचत आहे. हिमोफिलियातही हीच रीत. वर्षानुवर्षं टोचायचे रक्त गोठवणारे घटक आधीच इतके महाग, की त्यांच्या शेजारी ३५ लाखांचा आकडा शहाणपणाचा वाटू लागतो. एक महागडी वस्तू दुसरीच्या बाजूने साक्ष देते, पण पहिलीची उलटतपासणी कुणीच करत नाही. हा युक्तिवाद तुमच्यासमोर येतो तेव्हा तुम्ही ‘बचत किती’ असं विचारता. ‘आधीची किंमत कोणी मान्य केली होती’ असंही विचारायला हवं. ती तुमच्याच आधीच्या खुर्चीने मान्य केलेली असते.

संशोधनाच्या खर्चाचंही थोडं बोलू, कारण किमतीचा विषय निघाला की तोच पुढे केला जातो. झोल्गेन्स्मातलं जनुक शरीरभरातून चेतापेशींपर्यंत कसं न्यायचं, यावरचं मोलाचं काम फ्रान्समधल्या जेनेथॉन या प्रयोगशाळेत झालं. ती टेलेथॉनच्या देणग्यांवर उभी राहिली, म्हणजे टीव्हीसमोर बसलेल्या सामान्य लोकांनी दिलेल्या पैशांवर. बाळांवरची पहिली चाचणी अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात झाली, त्यात १५ बाळं होती. एका छोट्या कंपनीने काम पुढे नेलं आणि २०१८ मध्ये नोव्हार्टिस या बड्या औषध कंपनीने ती कंपनी ८७० कोटी डॉलरला विकत घेतली. एवढी रक्कम कुणी का मोजतं? पुढे तुम्ही किती द्याल याचा अंदाज बांधून. आणि मग ती मोजली म्हणून तुमच्याकडे तेवढी मागितली जाते. या चक्रात जोखीम घेणाऱ्यांना परतावा मिळू नये असं मी म्हणत नाही. पण त्या देणगीदारांचा वाटा हिशेबात शून्य धरला जातो, आणि हे तुम्ही चालवून घेता.

आता वचनाकडे येते.

‘एकदाच द्यायचं ना?’ हा प्रश्न मला प्रत्येक घर विचारतं. उत्तर ‘हो’ असं आहे, पण त्याचा अर्थ घरच्यांना वाटतो त्याच्या जवळजवळ उलटा आहे. विषाणूचं कवच एकदा शरीरात गेलं, की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्यामुळे तोच उपचार आजच्या तंत्राने दुसऱ्यांदा देता येत नाही. जनुक पेशीत गेलं तरी त्याचा असर किती वर्षं टिकेल हे पेशीच्या जातीवर अवलंबून असतं. हिमोफिलिया-एसाठीच्या रॉक्टॅव्हियनमध्ये रक्त गोठवणाऱ्या घटकाचं प्रमाण वर्षागणिक उतरत गेलेलं दिसलं. हिमोफिलिया-बीच्या उपचारात ते पुष्कळ चांगलं टिकून राहिलं. पहिल्या वर्षी पाहणाऱ्याला दोन्ही चमत्कारच वाटले असते. अमेरिकेचं औषध प्रशासन जनुक गुणसूत्रात कायमचं गुंफणाऱ्या उपचारांमध्ये १५ वर्षांपर्यंत रुग्णावर लक्ष ठेवायला सांगतं, आणि एएव्ही या, जनुक सहसा गुणसूत्रात न गुंफणाऱ्या, विषाणूने दिलेल्या उपचारांत ५ वर्षांपर्यंत. म्हणजे नियामकालाही ठाऊक आहे, की गोष्ट अजून संपलेली नाही. मग पैसे देणाऱ्यानेच ती संपली असं का धरायचं?

एलेव्हिडिसचं उदाहरण मला फार अस्वस्थ करतं. जून २०२३ मध्ये त्याला तातडीची मान्यता मिळाली ती स्नायूंत एक छोटं प्रथिन तयार होतं या खुणेवर. मुलगा जास्त काळ चालेल हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. त्याच वर्षाअखेरी मोठ्या चाचणीचा निकाल आला आणि तिचं मुख्य उद्दिष्ट साधलेलं नव्हतं. तरीही २०२४ मध्ये मान्यतेचा परीघ वाढवला गेला. २०२५ मध्ये चालण्याची ताकद गेलेली दोन मुलं उपचारानंतर यकृत निकामी होऊन दगावली. त्या घरांचं दुःख पैशात मोजायचं नाही, मोजूही नये. पण पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी चुकती झाली, की कंपनीला त्या मुलाच्या तिसऱ्या वर्षाची विचारपूस करण्याचं कोणतंही आर्थिक कारण उरत नाही. हप्ता बाकी असेल तर उरतं. मला ते कारण हवं आहे.

हे स्वप्नरंजन नाही. डोळ्यांच्या एका आनुवंशिक अंधत्वावरचं लक्सटर्ना २०१८ मध्ये आलं, एका डोळ्याला ४ लाख २५ हजार डॉलर. तेव्हा अमेरिकेतल्या एका विमा संस्थेशी करार झाला : तीस ते नव्वद दिवसांनी एकदा आणि तीस महिन्यांनी पुन्हा दृष्टी मोजायची, ठरल्याएवढी सुधारणा नसेल तर काही रक्कम परत. झोल्गेन्स्मासाठीही दरवर्षी ४ लाख २५ हजार याप्रमाणे पाच हप्त्यांची सोय देऊ केली होती. इटली आणि स्पेन यांनी २०१९ पासून कर्करोगावरच्या कार-टी उपचारांचे (यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देतात) पैसे टप्प्याटप्प्याने आणि रुग्णाच्या प्रतिसादाशी बांधून द्यायला सुरुवात केली. स्पेनने तर त्यासाठी देशव्यापी नोंदवही उभारली. वाट आहे, तिच्यावर माणसं चाललेली आहेत.

अडचणीही मला माहीत आहेत. अमेरिकेत एक नियम होता : गरिबांसाठीच्या सरकारी योजनेला बाजारातली सर्वांत कमी किंमत मिळालीच पाहिजे. चांगला नियम. पण एखाद्या रुग्णावर उपचार फसला आणि पैसे परत दिले, तर तीच ‘सर्वांत कमी किंमत’ ठरून सगळीकडे लागू होण्याची भीती कंपन्या दाखवत. जुलै २०२२ पासून त्या नियमात अशा करारांसाठी वाट करून दिली गेली. कायदा अडसर होता, कायद्यानेच तो काढला. दुसरी अडचण, रुग्ण विमा संस्था बदलतो. आज ज्याने लाखो डॉलर भरले त्याला बचत मिळत नाही, ती पाच वर्षांनी ज्याच्याकडे तो जाईल त्याला मिळते. म्हणून प्रत्येक संस्था वाट पाहत राहते, दुसऱ्याने भरावं म्हणून, आणि तोवर बाळाचं वय वाढतं. यावर उपाय म्हणजे सगळ्यांनी मिळून एका निधीत भरायचं आणि हप्ता रुग्णाबरोबर पुढच्या संस्थेकडे जाईल असं कायद्यात लिहायचं. तुम्ही एकत्र बसलात तर हे एका अधिवेशनाचं काम आहे.

तिसरी अडचण खरी आहे आणि मी ती लपवणार नाही. निकालाशी बांधलेला हप्ता पुरेसा पडतोच असं नाही. थॅलेसेमिया या, वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या, आजारावरचं झिंटेग्लो युरोपात १५ लाख ७५ हजार युरोला आलं होतं, पाच समान हप्ते, आणि पहिला सोडून बाकीचे चार रुग्णाला रक्त चढवावं लागत नसेल तरच. माझ्या मते आजवरची ती सर्वांत प्रामाणिक मांडणी होती. तरी जर्मनीत किमतीची बोलणी फिसकटली, २०२१ मध्ये कंपनी आधी जर्मनीतून आणि मग पूर्ण युरोपातून बाहेर पडली. उपचार चांगला, हप्त्यांची पद्धत चांगली, आणि रुग्णाच्या हाती काहीच नाही. त्याआधी ग्लिबेराचं असंच झालं. पाश्चात्त्य जगातला तो पहिला मान्यताप्राप्त जनुकीय उपचार, २०१२ चा, किंमत सुमारे दहा लाख युरो. बाजारात आल्यावर तो एकाच रुग्णाला दिला गेला आणि २०१७ मध्ये कंपनीने परवान्याचं नूतनीकरणच केलं नाही. फायझरने हिमोफिलियावरचा आपला उपचार मान्यतेनंतर वर्षभराच्या आत, २०२५ च्या सुरुवातीला गुंडाळला.

यावरून ‘कंपन्या मागतील ते द्या’ असा धडा काढणारे आहेत. मी तो काढत नाही. मला दिसतं ते असं, की दुर्मीळ आजाराचा उपचार नुसत्या बाजारावर सोडला तर तो एक तर परवडत नाही नाहीतर नाहीसा होतो, आणि दोन्ही वेळा रुग्ण तिथेच राहतो. म्हणून पैसे देणाऱ्याने करारात आणखी एक कलम घालायला हवं : तुम्ही बाजार सोडलात तर उत्पादनाची कृती, परवाना आणि रुग्णांची नोंद कोणाकडे जाईल? इटलीत याचं जिवंत उदाहरण आहे. प्रतिकारशक्तीच जन्मतः नसलेल्या मुलांसाठीचं स्ट्रिमव्हेलिस २०१६ मध्ये आलं, किंमत ५ लाख ९४ हजार युरो, मिळण्याचं ठिकाण मिलानमधलं एकच रुग्णालय. ते दोन कंपन्यांच्या हातून गेलं, दोघींनीही सोडलं. शेवटी २०२३ मध्ये इटलीतल्या टेलेथॉन या ना-नफा संस्थेने परवाना स्वतःकडे घेतला. बार्सिलोनातल्या एका सार्वजनिक रुग्णालयाने कार-टी उपचार स्वतःच विकसित केला, स्पेनने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली, आणि त्याची किंमत सुमारे ८९ हजार युरो ठेवली गेली, कंपन्यांच्या अशाच उपचारांच्या किमतीपेक्षा पुष्कळच कमी. तुमच्या हातातल्या पैशाचा थोडा भाग अशा जागी गेला, तर बोलणी करताना तुमच्या पाठीमागे एक दुसरा पर्याय उभा असेल. आज तिथे रिकामी भिंत आहे, आणि समोरच्याला ती दिसते.

गुप्ततेबद्दल मला राग आहे, तो दाबून लिहीत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने मार्च २०२१ मध्ये झोल्गेन्स्माचा करार जाहीर केला. छापील किंमत १७ लाख ९० हजार पौंड, सवलत मात्र गोपनीय. देशोदेशी हेच. प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच सर्वांत चांगला भाव मिळाला, आणि ते खोटं ठरवायला कुणाकडे काही नसतं. मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने किमतींच्या पारदर्शकतेचा ठराव केला. तो कागदावर आहे. याउलट बेल्जियम, नेदरलँड्स आणि आयर्लंड या तीन देशांनी २०२१ मध्ये एकत्र बसून झोल्गेन्स्माची बोलणी केली. तीन शेजारी एकमेकांना भाव सांगू शकतात, तर तीस का नाही? पैसा लोकांचा आहे. तो किती दिला हे लोकांना न सांगण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असा प्रश्न एखाद्या बापाने मला विचारला तर मी काय सांगू?

किंमत पटण्याजोगी आहे की नाही हे ठरवणाऱ्या गणितातही एक गोष्ट उघड व्हायला हवी. हे उपचार आज पैसे मागतात आणि फायदा पन्नास-साठ वर्षांत विखरून देतात. भविष्यातल्या फायद्याचं आजचं मोल काढताना दरवर्षी थोडी घट धरली जाते. ब्रिटनची मूल्यमापन संस्था एरवी साडेतीन टक्के धरते, काही खास परिस्थितीत दीड टक्का. ऐकायला किरकोळ. पण पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या शंभर मोलाच्या फायद्याचं आजचं मोल साडेतीन टक्क्यांनी १८ भरतं, दीड टक्क्याने साडेसत्तेचाळीस. बाळ तेच, आजार तोच, औषध तेच. साडेतीन की दीड, हे विज्ञान सांगत नाही, माणसं बसून ठरवतात. ती कुठे बसली आणि का तसं ठरवलं, हे सभागृहात बोललं गेलं पाहिजे.

आणि ज्या गोष्टीला तुलनेने फारच कमी पैसे लागतात ती तरी आधी करा. जन्मल्यावर टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन एसएमए ओळखता येतो. अमेरिकेने २०१८ मध्ये नवजात तपासणीच्या शिफारस यादीत तो घातला, जर्मनीत २०२१ पासून ही तपासणी सुरू झाली. मेलेल्या चेतापेशी कोणतंही जनुक परत आणत नाही. बाळ लक्षणांआधी सापडलं तर तोच उपचार पुष्कळदा चालणारं मूल देतो, सहा महिन्यांनी सापडलं तर बहुतेकदा खुर्चीला खिळलेलं पण जिवंत मूल देतो. किंमत दोन्ही वेळा तीच. ज्या व्यवस्था औषधाला लाखो मोजतात आणि तपासणी पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलतात, त्यांचं अंदाजपत्रक मला समजत नाही. मी अशा एका घरासमोर बसले आहे जिथे मोठ्या भावंडाचं निदान उशिरा झालं आणि धाकट्याचं, पहिल्यामुळे सावध झाल्याने, जन्मतःच झालं. दोघांनाही उपचार मिळाला. दोघं एकाच खोलीत असतात. एक धावतो, एक पाहतो. त्यांच्या आईने मला कधी काही विचारलं नाही, आणि मला तिच्या डोळ्यांत पाहता येत नाही.

तुम्ही निर्णय लांबवता तेव्हा काय घडतं हेही सांगते. २०१९ मध्ये बेल्जियममध्ये एसएमए असलेल्या एका तान्ह्या मुलीच्या झोल्गेन्स्मासाठी लोकांनी काही दिवसांत साडेनऊ लाखांवर एसएमएस पाठवले, प्रत्येकी दोन युरोचे. मुलीला औषध मिळालं. त्या लोकांपुढे मी हात जोडते. पण त्याच महिन्यात त्याच आजाराचं दुसरं एखादं बाळ असेल, ज्याचा फोटो तितका गोड आला नसेल, ज्याच्या बापाला माणसांसमोर बोलता येत नसेल. त्याचं काय? २०२० मध्ये नोव्हार्टिसने ज्या देशांत मान्यता नाही तिथल्या मुलांसाठी वर्षाला १०० पर्यंत मोफत मात्रा देण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्यात निवड सोडतीने. पालकांच्या संघटना चिडल्या, आणि बरोबर चिडल्या. सोडत काढणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण तुमचं धोरण नसतं तिथे नशिबाला धोरणाच्या जागी बसवलं जातं.

सिकलसेलबद्दल थोडक्यात. कुपीच्या बाहेरचा खर्च तिथे लक्षात येतो. पेशी काढायला अनेक फेऱ्या, मग अस्थिमज्जा रिकामी करणारी तीव्र केमोथेरपी, आठवडेच्या आठवडे रुग्णालयात, आणि मूल होण्याची क्षमता जाण्याचा धोका. अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणेने राज्यांच्या वतीने कंपन्यांशी एकत्र बोलणी केली, पैसे निकालाशी बांधले आणि प्रजननक्षमता जपण्याच्या सेवेचा भार कंपन्यांवर टाकला. ३३ राज्यं त्यात आली. विसाव्या वर्षी या आजाराने खचलेल्या मुलीसाठी हे कलम किती मोठं आहे ते मला माहीत आहे. पण सिकलसेल घेऊन जन्मणारी बहुसंख्य बाळं सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जन्मतात, जिथे मूळपेशी परत देण्याची सोय असलेली रुग्णालयं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. तिथे हप्त्यांचा कितीही चांगला करार उपयोगाचा नाही. तिथे साध्या टोचण्यातून देता येईल असा उपचारच घडवावा लागेल. २०१९ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून सिकलसेल आणि एचआयव्ही या दोन आजारांवरच्या अशा उपचारांसाठी २० कोटी डॉलर बाजूला काढण्याचं जाहीर केलं. झोल्गेन्स्मा बनवणारी कंपनी ज्या रकमेला विकली गेली तिच्या चाळिसाव्या हिश्शाहूनही कमी. श्रीमंत देशांतले पैसे देणारे हे पत्र वाचत असतील तर त्यांनी या दोन आकड्यांकडे थोडा वेळ पाहावं.

मे २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी एका बाळासाठी, फक्त त्या एका बाळासाठी, जनुक दुरुस्त करणारं औषध सहा महिन्यांत बनवून दिल्याचं जाहीर केलं. यकृतातल्या एका दुर्मीळ दोषामुळे रक्तात अमोनिया साठत असलेलं बाळ होतं ते. ही बातमी वाचून मी रडले, आणि लगेच मनात आलं, की या औषधाची किंमत ठरवायची कोणती रीत तुमच्याकडे आहे? एका रुग्णाची चाचणी, एका रुग्णाचं औषध. उद्या अशी शेकडो येतील. तेव्हा आजचीच पद्धत असेल तर तुमचे निधी कोलमडतील आणि त्याचा दोष या विज्ञानावर टाकला जाईल.

म्हणून तुमच्या पुढच्या करारात मला काही ओळी वाचायच्या आहेत. पहिल्या दिवशी किती आणि कोणत्या वर्षी किती. काय मोजायचं : बसणं, चालणं, रक्त न लागणं, श्वास. मोजणारं कोण, कारण मोजणारा कंपनीचा माणूस नसावा. कुटुंबाने शहर बदललं, विमा बदलला तर नोंद कोण ठेवणार. कंपनी उद्या नसेल तर कोण. आणि हे सगळं छापून कुठे लावलं जाणार.

आमच्या नोंदपत्रात शेवटी ‘पुढील संपर्क’ असा एक रकाना असतो. उपचार झालेल्या मुलांच्या कागदांवर मी तिथे पहिल्या वर्षाची तारीख लिहिते, दुसऱ्या वर्षाचीही लिहिते. दहाव्या वर्षासमोर कोणाचं नाव लिहू, ते कृपया कळवा.

आपली,
एक जनुकीय समुपदेशक